30 सप्टेंबरचा पट

आमच्या तालुक्याच्या आढावा बैठकीत दर तीन-चार महिन्यांनी एक यादी पडद्यावर येते. शाळेचं नाव, वाचन येणाऱ्या मुलांचं शेकडा प्रमाण, वजाबाकी आणि भागाकार येणाऱ्यांचं प्रमाण, आणि शेवटच्या रकान्यात रंग: हिरवा, पिवळा नाहीतर लाल. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर वीसेक वर्षं नोकरी करताना या यादीच्या दोन्ही टोकांना मी बसलो आहे. मोठ्या रस्त्यावरच्या गावात, सात शिक्षकांच्या शाळेत होतो तेव्हा आमच्यासमोर हिरवा रंग असायचा. पुढे बदली होऊन एका बंजारा तांड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत गेलो आणि पहिल्याच बैठकीत लाल रंगात नाव वाचलं. मधल्या काळात माझं शिकवणं काही बिघडलं नव्हतं. तांड्यावर मी जास्तच राबत होतो. पण उभं करून खुलासा मागितला गेला, तेव्हा मला चार वाक्यंही धड बोलता आली नाहीत. जे तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहितो आहे.

ही यादी शाळा मोजते असं सगळे धरून चालतात. अधिकारी तसं धरतात, वर्तमानपत्रं तसं छापतात आणि हळूहळू शिक्षकालाही ते खरं वाटायला लागतं. माझं म्हणणं असं की, मूल पहिलीत येताना घरून काय घेऊन आलं आणि वर्षभरात त्याच्या वाट्याला मोठ्या माणसाचा किती वेळ आला, हेच त्या आकड्यांत मुख्यतः उतरतं. आणि ज्यांना हा वेळ सगळ्यात जास्त हवा त्यांनाच तो सगळ्यात कमी मिळेल, अशी व्यवस्था आपण स्वतःच्या हातांनी करून ठेवली आहे. तिचं नाव पटसंख्या. शिक्षक पटावर मिळतात, गरजेवर मिळत नाहीत.

हिशेब करून पाहा. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन झालं पाहिजे, असं कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे. त्याच परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असंही लिहिलं आहे. आता चौथीपर्यंतची शाळा घ्या. चार इयत्ता, दोन शिक्षक. म्हणजे प्रत्येक शिक्षकाकडे दोन वर्ग, आणि पहिलीला शिकवताना दुसरी पाढे लिहीत बसणार. कागदावरचे 800 तास इथंच 400 झाले. मग दोघांपैकी एकजण मतदारयादीच्या कामाला, प्रशिक्षणाला, केंद्रशाळेतल्या बैठकीला, बँकेत, नाहीतर पोषण आहाराचा तांदूळ उतरवून घ्यायला गेला की उरलेल्याकडे चारही वर्ग. त्या दिवसापुरता प्रत्येक वर्गाचा वाटा पाव. रस्त्यावरच्या माझ्या जुन्या शाळेत एक शिक्षक बाहेर गेला तर उरलेले सहाजण त्याचा वर्ग वाटून घेत आणि मुलांना कळतही नसे. तांड्यावर एक माणूस गेला की निम्मी शाळा गेली.

दोन्ही शाळांना कायद्याप्रमाणे शिक्षक मिळालेले होते. कुणी कुणाचं पद पळवलं नव्हतं. विषमता अशी नियमानुसार चालत असली की तिच्याविरुद्ध तक्रार तरी कुणाकडे करायची?

आणि हा सगळा पट मोजतात कधी? 30 सप्टेंबरला. त्या तारखेच्या पटावर पुढच्या वर्षीची संचमान्यता होते आणि कोणत्या शाळेला किती शिक्षक हे ठरतं. ज्यांनी बीड, शिरूर कासार, पाथर्डी, गेवराई, धारूर, वडवणी हा भाग पाहिलाय त्यांना या तारखेतली गोम लगेच कळेल. 30 सप्टेंबरला आमचा तांडा भरलेला असतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात आणि तांडा रिकामा होतो. उन्हाळ्यात मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला कोयता निघतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यांच्या मजुरीचं मोजमापच ते. जोडीबरोबर मूलही जातं. घरी ठेवायला कुणी नसतं म्हणून जातं, आणि दहा वर्षांची पोरगी असेल तर उसाच्या फडात तान्ह्याला सांभाळायला, तिथल्या झोपडीत, म्हणजे कोपीत, भाकरी करायला तिची गरज असते म्हणूनही जातं. माझ्या शाळेचा पट सप्टेंबरात 43 होता. जानेवारीत वर्गात 16 मुलं बसायची. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की पुन्हा चाळीसच्या वर. यादीतले आकडे मात्र 43 मुलांचे, जणू ती सगळी वर्षभर माझ्यासमोर बसली होती.

अशाच एका एप्रिलमध्ये परतलेल्या चौथीतल्या मुलीची गोष्ट सांगतो. पाच महिने ती पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या पट्ट्यात होती. आईबाप फडात असताना उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याच्या, पेंढ्या रस्त्याकडेला विकायचं काम तिच्याकडे. मी पाटीवर 100 वजा 77 मांडून दिलं. तिनं बराच वेळ विचार केला आणि उत्तर लिहिलं 177. शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातातून शून्य वजा केलं, पुन्हा तेच केलं आणि एक तसाच खाली उतरवला. हातचा उसना घेणं ज्या दिवसांत शिकवलं गेलं त्या दिवसांत ती फडावर होती. मी पाटी बाजूला ठेवली आणि विचारलं, पेंढी केवढ्याला देत होतीस? म्हणाली, सात रुपयाला. मग अकरा पेंढ्या घेतल्या आणि शंभराची नोट दिली तर गिऱ्हाइकाला परत किती द्यायचे? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, ‘तेवीस.’

त्या दिवशीच्या चाचणीत तिच्या नावापुढे ‘वजाबाकी येत नाही’ असंच मला भरावं लागलं, कारण पाटीवरचं उत्तर चूक होतं. पण तिच्या डोक्यात गणित नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे? कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडी व्यवहाराचे अवघड हिशेब ती मुलं सहज करत होती आणि शाळेच्या पद्धतीनं मांडलेली साधी उदाहरणं त्यांना येत नव्हती. उलट शाळेत शिकणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांना व्यवहारातले हिशेब जमत नव्हते. मला त्यात नवल वाटलं नाही. बाजारातल्या त्या तेविसापासून पाटीवरच्या तेविसापर्यंत मुलीला हाताला धरून नेणारं कुणीतरी लागतं. त्याला वेळ लागतो, रोज अर्धा तास, महिनाभर. तो अर्धा तास माझ्याकडे नव्हता. एप्रिलमध्ये माझ्याकडे चार वर्ग होते, वार्षिक मूल्यमापन होतं आणि तिच्यासारखी आणखी पंचवीस मुलं होती.

मूल घरून काय घेऊन येतं याविषयी बोलताना भाषेचा मुद्दा हमखास राहून जातो. तांड्यावर घरात गोरबोली बोलतात. पहिलीत आलेलं पोर आईला याडी म्हणतं. पुस्तक पहिल्याच पानांपासून त्याच्याशी दुसऱ्याच भाषेत बोलायला लागतं. महाराष्ट्रभर हीच कथा आहे. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली आणि पावरी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, पालघरमध्ये वारली. आपण त्यांना मराठी माध्यमाची मुलं म्हणून मोजतो. मराठी ही त्यांची शिकण्याची दुसरी भाषा आहे, हे आपल्या एकाही तक्त्यात दिसत नाही. पुण्यातल्या घरात मराठी बोलणारं मूल इंग्रजी शाळेत अडखळलं तर पालक लगेच म्हणतात, भाषा परकी आहे ना, सवलत द्या. कोरकू मुलाला पहिलीत मराठी वाचता आलं नाही की तो शाळा ‘अप्रगत’ असल्याचा पुरावा होतो.

देशपातळीवरचे आकडे सगळ्यांनी वाचले आहेत. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीत असून दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत 2018 साली शेकडा 20.9 होती. करोनानंतर 2022 मध्ये ती 16.3 वर घसरली आणि 2024 मध्ये 23.4 पर्यंत चढली. ही चढण शिक्षकांच्या कष्टाची आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. तरीही चारातली तीन मुलं मागेच आहेत. सरासरीनं जी गोष्ट झाकली जाते ती आणखी टोचणारी आहे. वाचू न शकणारी मुलं सगळ्या गावांत सारखी विखुरलेली नाहीत. ती वस्त्यांवर, तांड्यांवर, पाड्यांवर आणि शहरांतल्या झोपडपट्ट्यांजवळच्या महापालिका शाळांत एकवटली आहेत. खासगी विरुद्ध सरकारी हा वाद आपण इतका घातला की सरकारी शाळांमध्येच आपसात केवढी दरी पडली आहे, हे बघायचं राहून गेलं.

ती दरी रुंदावणारी एक गोष्ट तर आपण कौतुकानं करतो. लोकसहभाग. गावानं वर्गणी काढायची, शाळेला रंग द्यायचा, संगणक आणायचे, भिंतीवर नकाशे काढायचे. माझ्या रस्त्यावरच्या शाळेत हे सगळं झालं. गावात बागायतदार होते, फौजेत आणि पोलिसात नोकरीला गेलेली पोरं होती, पुण्या-मुंबईत स्थायिक झालेले माजी विद्यार्थी होते. एका बैठकीत बघता बघता वर्गणी जमली. तांड्यावर मी कुणाकडे मागणार होतो? ज्यांनी मुकादमाकडून लाखाची उचल घेतलेली, त्यांच्याकडे? मग आढाव्याला आलेले साहेब विचारायचे, तुमच्या पालकांना शाळेची आस्था नाही का? आस्था होती. पहाटे तीनला फडात उतरणाऱ्या बाईनं मला फोन करून विचारलंय की गुरुजी, पोरगं रोज येतंय का. पैसे नव्हते. सार्वजनिक शाळेची फरशी आणि फळा गावाच्या ऐपतीवर सोडला, की ती शाळा सार्वजनिक उरत नाही. ती त्या गावाच्या श्रीमंतीचा आरसा होते.

गावात ज्यांच्या शब्दाला वजन असतं ते तर कधीच निघून गेले. सकाळी सातला पिवळी बस येते आणि नोकरदारांची, दुकानदारांची, चार-पाच एकर ओलिताचं रान असणाऱ्यांची मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. कित्येक घरांत मुलगा बसमध्ये आणि मुलगी आमच्या शाळेत. त्या पालकांना मी दोष देत नाही. माझ्या बरोबरीच्या बहुतेक शिक्षकांची मुलंही त्याच बसमध्ये आहेत, आणि हे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलायचा आम्हाला अधिकार नाही. पण परिणाम काय होतो पाहा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या महिला. नियम उत्तम आहे. मात्र ज्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर हात आपटून तिसरा शिक्षक मागितला असता, त्यांचं मूल आता आमच्याकडे नाही. जे राहिले ते नोव्हेंबरपासून गावातच नसतात. डिसेंबरच्या सभेला गणपूर्ती व्हावी म्हणून म्हाताऱ्यांच्या सह्या घ्याव्या लागतात.

इथं कुणीतरी म्हणणार, आणि त्यांनी म्हणावंच: सगळं परिस्थितीवर कसं ढकलता, मास्तर शिकवत नाहीत त्याचं काय? काहीजण शिकवत नाहीत. मी अशांबरोबर काम केलं आहे. दुपारच्या सुट्टीनंतर शाळा आटोपणारे, मोबाइलमधून डोकं वर न काढणारे, तांड्यावर बदली झाली की सहा महिन्यांत वशिला लावणारे. त्यांच्यावर कारवाई व्हावी, आणि ती होत नाही याचा राग मला वाचकाहून जास्त आहे, कारण त्यांचं ओझं शेजारच्या वर्गातला शिक्षक वाहतो. पण आजची यादी त्यांना पकडतच नाही. रस्त्यावरच्या गावात घरी शिकवणी लावलेली, आई-वडील शिकलेली मुलं असली की कामचुकार शिक्षकाचीही शाळा हिरवी दिसते. आणि तांड्यावर जीव ओतणारा तरुण शिक्षक दोन वर्षं लाल रंग पाहतो आणि तिसऱ्या वर्षी बदलीचा अर्ज भरतो.

दुसरं उदाहरण दाखवलं जातं ते असामान्य शिक्षकांचं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा आम्हा सगळ्यांचा ऊर भरून आला होता. मिळालेल्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना देऊन टाकला, हे मला पुरस्काराहून मोठं वाटलं. अशा माणसांनी दाखवलं की आमच्या शाळांत काय होऊ शकतं. पण त्यांचं नाव घेऊन बाकीच्यांना ‘त्यांना जमतं मग तुम्हाला का नाही’ असं विचारणं त्यांचाही अपमान आहे. जी व्यवस्था असामान्य माणसाशिवाय चालत नाही, ती सामान्य घरातल्या लाखो मुलांच्या उपयोगाची नाही.

हे भांडण नवं नाही. 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमकं हेच मांडलं होतं. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि त्याचा फायदा वरच्या वर्गांच्या शिक्षणाला होतो, म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. आणि त्या निवेदनात ते शिक्षकांच्या पगारावरही बोलले. प्राथमिक शिक्षकाला महिना बारा रुपयांहून कमी देऊ नका, तो प्रशिक्षित असू द्या, आणि शक्यतो शेतकरी वर्गातला, मुलांत मिसळणारा असू द्या. गरिबाच्या शाळेत स्वस्तातला माणूस पाठवायची वृत्ती त्यांनी तेव्हाच ओळखली होती. 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, ते एका छोट्या संस्थानाच्या तिजोरीतून.

आज ती वृत्ती कशी दिसते? 2012 च्या मे महिन्यापासून शिक्षकभरती कित्येक वर्षं बंद राहिली आणि रिकाम्या जागांचा भार आधी आडवळणाच्या शाळांनी सोसला. 2023 च्या सप्टेंबरात वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. राज्यात अशा शाळा 14,783, मुलं 1,85,467. नमुना म्हणून नंदुरबारमधल्या तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातल्या पानशेतच्या समूहशाळांची नावं दिली होती. मोठ्या शाळेत प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळतो, खेळायला सवंगडी मिळतात, हे मला पटतं. पण पहिलीतलं पोर ओढ्याला पाणी आल्यावर चार किलोमीटर कसं जाणार? गाडी किती वर्षं नियमानं येईल? आणि गाडी बंद पडली की सगळ्यात आधी कुणाचं शिक्षण थांबेल? मुलीचं. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम उगाच आलेला नाही. 2024 च्या सप्टेंबरात तर कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक महिना 15,000 रुपये मानधनावर कंत्राटी नेमावा, असा निर्णय निघाला आणि शिक्षक रस्त्यावर उतरले. त्या निर्णयाचं पुढे काय झालं हा भाग वेगळा. तो कुणासाठी सुचला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शहरातल्या मोठ्या शाळेसाठी नव्हता सुचला.

त्याच 2024 साली, फेब्रुवारीत, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला शिक्षणहक्क कायद्यानं गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवलेल्या 25 टक्के राखीव जागांतून सूट द्यायचं ठरलं. मुंबई उच्च न्यायालयानं ते जुलैत रद्द केलं, बरं केलं. मात्र त्या जागा आमच्या मुलांच्या कामाच्या नव्हत्याच. तांड्याजवळ खासगी शाळा नाही. तरी त्या योजनेतला एक आकडा मला फार उपयोगी वाटतो. खासगी शाळेत अशा मुलाला बसवल्याबद्दल राज्य सरकार दर मुलामागे वर्षाला 17,670 रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती मानतं. म्हणजे गरीब मुलाच्या शिक्षणावर वेगळा खर्च करावा लागतो, हे तत्त्व सरकारनं आधीच स्वीकारलं आहे. तोच दर तांड्यावरच्या चाळीस मुलांना लावा. 7,06,800 रुपये. एका नियमित शिक्षकाचा सुरुवातीच्या वर्षांतला पगार साधारण त्यात बसतो. तिसरा शिक्षक. खासगी शाळेच्या दारात गेल्यावर जे पैसे मिळतात, ते आपल्याच शाळेत थांबलेल्या मुलामागे का येऊ नयेत? इंग्लंडमध्ये 2011 पासून गरीब घरातल्या मुलांच्या संख्येनुसार शाळेला जादा निधी मिळतो. आपल्याकडे मूल जितकं मागे, तितका त्याच्या वाट्याला शिक्षक कमी.

जादा माणसानं फरक पडतो का? पडतो, आणि ते आपल्याच मुंबईत सिद्ध झालं आहे. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘प्रथम’ या संस्थेनं मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतलीच शिकलेली तरुणी रोज दोनेक तास मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वेगळं बसवून, त्यांना जिथपर्यंत येतं तिथून पुढे शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा काटेकोर अभ्यास केला. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल ज्या कामासाठी मिळालं, त्यात असे प्रयोग होते. यावर कुणी म्हणेल, बालसखीही कमी मानधनावरच होती, मग कंत्राटी शिक्षकाला विरोध कशाला? कारण बालसखी शिक्षकाच्या बरोबर होती, शिक्षकाच्या जागी नव्हती. घरात दोन भाकरी असताना तिसरी अर्धी वाढली तर पोट भरतं. दोनातली एक काढून तिथं अर्धी ठेवली आणि तिला मदत म्हटलं, तर तशी मदत आम्हाला नको.

मला काय हवंय ते सरळ सांगतो. संचमान्यतेत डोकी मोजताना प्रत्येक डोक्याचं वजन सारखं धरू नका. ज्या मुलाची घरची भाषा वेगळी, ज्याच्या घरात आधी कुणी शाळेत गेलेलं नाही, जे मूल हंगामात स्थलांतर करतं, त्याचा पट दीड धरा. नवीन भरती झाली की पहिली यादी अवघड क्षेत्रातल्या शाळांची लावा, आणि तिथं राहून शिकवणाऱ्याला राहायला घर द्या. आढाव्यात जूनमध्ये मूल कुठं होतं आणि एप्रिलमध्ये कुठं आलं, हा फरक दाखवा. अक्षरओळख नसलेलं मूल वाक्य वाचायला लागलं, तर ती शाळा आधीपासून वाचणाऱ्या मुलांच्या शाळेपेक्षा पुढे आहे. तिला लाल रंग देऊ नका.

आणि हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू करा. आईबाप फडावर गेले तरी मुलानं आजीकडे गावात राहावं, शाळेत दोन वेळचं जेवावं, अशी ही योजना आहे. आम्हा शिक्षकांनी आजवर पाहिलेली ही सगळ्यात शहाणी योजना. पण टोळी निघते ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि मंजुरी, निधी, बैठका होऊन मी पाहिलेल्या गावांत चूल पेटायची ती हंगाम अर्धा उलटल्यावर. तोवर मूल ट्रॉलीत बसून गेलेलं. पेंढ्या विकणाऱ्या त्या मुलीची आजी मला म्हणाली होती, ‘गुरुजी, ठिवली असती की पोरीला. पर मला डोळ्यानं दिसंना, हिला रांधून कोण घालायचं? तुमची खिचडी दुपारची, रातच्याला काय?’ त्या रात्रीच्या जेवणापायी तिची चौथी गेली. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत सामावून घेणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी म्हणून शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 9 मध्ये लिहिलेली आहे. तिथं दिवाळीनंतर बघू असं लिहिलेलं नाही.

30 सप्टेंबरला पट मोजायला हरकत नाही. माझी विनंती एवढीच की तो पुन्हा एकदा 15 जानेवारीला मोजा, आणि मोजायला कुणीतरी मुंबई-पुण्याहून प्रत्यक्ष या. साडेदहाची घंटा झालेली असेल. प्रार्थनेला चार रांगा असतील, दुसऱ्या रांगेत एकच मूल. वर्गात खोक्यात पाठ्यपुस्तकं असतील, नावं घातलेली, जाताना कोपीत भिजतील म्हणून आमच्याकडे ठेवून गेलेली. स्वयंपाकीण विचारायला येईल, आज किती जणांचं टाकू, आणि माझा जोडीदार शिक्षक हजेरी न उघडताच सांगेल, सोळा.